सही खरी, पण हद्द कोणाची?

सालेकसा तहसील कार्यालयाने देवरी तालुक्यातल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला दिला, तर शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारा कारकूनही तो परत करील. सही खरी, शिक्का खरा, मुदतही शिल्लक. पण देणाऱ्याची हद्द आपल्या तालुक्यापुरती. वेबसाइटची प्रमाणपत्रं तपासणारा कोड लिहिताना आम्ही नेमका हाच प्रश्न सोडून देतो, आणि या व्यवस्थेतली सर्वांत खोल त्रुटी मला तीच वाटते. नाव जुळतं का, मुदत आहे का, सह्यांची साखळी संगणकातल्या एखाद्या विश्वासू मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचते का, एवढं पाहून प्रोग्रॅम होकार देतो. त्या मुळाला कोणत्या नावांसाठी सही करायचा अधिकार आहे, हे बहुधा कुठे लिहिलेलंच नसतं.

2 जुलै 2014 रोजी गुगलला आपल्याच काही डोमेनची अशी प्रमाणपत्रं आढळली, जी त्यांनी कधी मागितलीच नव्हती. सही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची. तिच्या वर सीसीए या भारत सरकारच्या नियंत्रक कार्यालयाचं मूळ, आणि ते मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत. त्यामुळे विंडोजच्या यादीवर विसंबणाऱ्या प्रोग्रॅमांना साखळी निर्दोष दिसत होती. फायरफॉक्सच्या स्वतंत्र यादीत हे मूळ नव्हतं, म्हणून तो बचावला. विंडोजवरचा क्रोम गुगलच्या साइटांपुरता बचावला, कारण त्यांना कोणत्या किल्ल्या चालतील हे त्याच्यात वेगळं नोंदवलेलं होतं. नेहमीच्या तपासणीने मात्र कोणालाच वाचवलं नाही. दुसऱ्याच दिवशी एनआयसीची मधली प्रमाणपत्रं, म्हणजे मुळाने तिला सही करायचा अधिकार देणारी, रद्द झाली. 4 प्रमाणपत्रं चुकीची निघाल्याचं सीसीएने कळवलं, पण त्या चारांत नसलेलीही गुगलला ठाऊक होती. शेवटी क्रोमने भारतीय मुळाला कुंपण घातलं: जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन आणि आणखी मोजकी नावं.

यावर म्हणतात, चूक एनआयसीच्या प्रक्रियेची, तपासणीला दोष कशाला? पण 2011 मध्ये नेदरलँड्सची डिजिनोटार ही प्रमाणपत्रं देणारी कंपनीही फुटली होती. सही करणारा कधीतरी फुटणार, हे धरूनच तपासणी लिहायला हवी. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: भारत सरकारच्या सहीची हद्द परदेशी कंपनीने का ठरवावी? ठरवू नये, हे मलाही पटतं. म्हणूनच ती आपण स्वतः आखायला हवी होती. मधल्या प्रमाणपत्रातच नावांची मर्यादा लिहिण्याची सोय इंटरनेटच्या मानकात 1999 पासून आहे. एनआयसीच्या प्रमाणपत्रात ती असती आणि तपासणाऱ्या कोडने पाळली असती, तर गुगलच्या नावावरची सही जागीच फोल ठरली असती. तिसरे म्हणतात, आता प्रत्येक प्रमाणपत्र जाहीर नोंदवहीत येतं. 2018 पासून क्रोम तसा आग्रह धरतो. नोंदवहीचं मोल मोठं आहे, पण ती घडल्यावर सांगते, आणि ब्राउझरबाहेरचे कितीतरी प्रोग्रॅम ती पाहतही नाहीत.

2023 मध्ये केंद्र सरकारने देशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली. त्या ब्राउझरने सीसीएच्या मुळावर विश्वास ठेवावा, अशी अट होती. ती अट रास्त आहे, पण तिला जोडून हद्दही लिहायला हवी: सरकारी मुळाची सही सरकारी नावांपुरती. बँका आणि खासगी साइटांना ते मूळ वापरायचं असेल, तर प्रत्येकासाठी वेगळं, मर्यादा कोरलेलं मधलं प्रमाणपत्र द्यावं. काम वाढेल, नूतनीकरणाची कटकट वाढेल. तहसीलच्या दाखल्यासाठी आपण तेवढी कटकट केव्हाच मान्य केली आहे.