विडीची पारख

चिरुटाचे शोकी राखेवरून त्याची जात ओळखतात. आम्ही विडीची पारख तशीच करीत आलो. ती एका अंगाने भडकू नये, मध्येच विझू नये, दोऱ्याखाली पान फाटू नये. या ज्ञानाचा आम्हांस थोडा अभिमानच होता. गतवर्षी वैशाखात नागभीडकडे जाणे झाले आणि तो उतरला.

फडावर एक म्हातारी तेंदूची पाने जुळवीत बसली होती. सत्तर पानांचा एक पुडा. आम्ही एक पान उत्तम म्हणून उचलले. ती हसली. "भाऊ, जाड हाये हे. वाळलं का फुटते." तिने दुसरे दिले; कोवळे नव्हे, जून नव्हे, शिरा बारीक, दुमडले तरी अखंड. विडी ती ओढीतच नाही, असे कळले. पहाटे अंधारात ती रानात शिरते, आणि वाकून पाने तोडणाऱ्यांवर वाघाने झडप घातल्याचे प्रकार या भागात घडलेले आहेत. याच जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर पाने तोडणेच सोडले. छाटणीने झाडे खंगतात, वणवे लागतात, आणि विडी माणसाला अपाय करते म्हणून. म्हातारीस तो मार्ग मोकळा नव्हता. पावसाळ्याची बेगमी तिला याच थोड्या दिवसांत करावयाची होती.

खिशातले बंडल तिच्यासमोर काढण्याचा आम्हांस धीर झाला नाही. परतीच्या वाटेवर मात्र एक विडी पेटविली. पान अगदी एकसारखे जळत होते.