घोड्याच्या पायाखालचा डोह

तुमच्या गावात पट्टीचे पोहणारे पुष्कळ असतील. विहिरीच्या काठावरून सूर मारून तळाची माती मुठीत आणणारा एखादा पोरगाही असेल. पण आज तुम्हांला अशा मुलखात नेतो, जिथे नुसत्या पोहण्याच्या जोरावर कुणाला पाण्यात उतरू देत नाहीत.

दक्षिण ऑस्ट्रेलियात माउंट गॅम्बिअर नावाचे शहर आहे. शहराबाहेर पडलात की मेंढ्यांची कुरणे, दुभत्या गाई आणि तारेची कुंपणे दिसतील. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मातीखाली काळा पाषाण लागतो. तिथे लागते चुनखडी, जुन्या समुद्रातल्या जीवांच्या कवचांची बनलेली. पावसाचे पाणी मातीतून मुरताना किंचित आम्ल होते आणि हा दगड हजारो वर्षे हळूहळू विरघळवते. आत पोकळी होते, तिचे छत ढासळते आणि कुरणाच्या मधोमध खड्डा पडतो. त्यात भूजल उघडे दिसते. जणू निसर्गानेच खणलेली विहीर!

१९३८ साली ॲलनडेल ईस्ट गावाजवळच्या शेतात एका घोड्याचा पाय लहानशा भोकात गेला. भोक कसले, माणूस जेमतेम शिरेल एवढे तोंड. पण खाली प्रचंड दालन आणि त्यात नितळ पाणी. या जागेला ‘द शाफ्ट’ म्हणतात. सूर्य डोक्यावर आला की उन्हाचा सरळ खांब त्या पाण्यात उतरतो. खोली शंभर मीटरच्याही पुढे, म्हणजे आपल्या कितीतरी विहिरी एकीखाली एक ठेवाव्यात एवढी.

२८ मे १९७३ रोजी या देखण्या पाण्यात चार हौशी पाणबुडे गेले ते परतले नाहीत. पाठीवर हवेच्या टाक्या होत्या. पण ठरवलेल्या हद्दीपलीकडे ते उतरले आणि परतीची वाट दाखवणारा दोर त्यांच्याजवळ नव्हता. चौघांचे मृतदेह बाहेर काढायला जवळजवळ वर्ष लागले. १९६९ ते १९७४ या काळात त्या परिसरात अकरा पाणबुडे दगावले.

असे का होते? तुमच्या विहिरीत दम संपला तर सरळ वर येता येते. इथे डोक्यावर दगड असतो. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, त्यामुळे दहा मीटरवर टाकीतली हवा दुपटीने संपते आणि तीस मीटरवर चौपटीने. त्याहून खाली हवेतल्या नायट्रोजनने दारूसारखी गुंगी येते. माणसाला वाटते, सारे ठीक आहे. त्यात पाय जोरात मारला तर तळाचा गाळ उठतो, आणि क्षणापूर्वीच्या आरशासारख्या पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही.

म्हणून नियम झाले. उघड्या पाण्यापासून अखंड दोर सोडत जायचे. हवेचा एक भाग जायला, एक यायला आणि एक भाग अडचणीसाठी राखून ठेवायचा. दिवे तीन घ्यायचे.

त्या मृत्यूंनंतर बंदीची भाषा सुरू झाली होती. ज्यांच्या शेतात हे डोह आहेत त्यांनी तरी दुसऱ्याच्या हौशीपायी आपल्या बांधावर प्रेते का मोजावीत? तेव्हा १९७३ मध्येच पाणबुड्यांनी स्वतःची संघटना काढली, केव्ह डायव्हर्स असोसिएशन ऑफ ऑस्ट्रेलिया. शिक्षण घ्या, परीक्षा द्या, पायरी पायरीने अवघड डोहात जा, असा शिरस्ता तिने घातला. मालकाशी बोलून, ठरल्या वेळीच उतरायचे. ‘पिकानिनी पाँड्स’ हे राखीव क्षेत्र आहे. तिथे परवाना लागतो. वरवर पाहता ही अडवणूक वाटेल. पण या शिस्तीमुळेच मालकांचा विश्वास परत आला आणि बंद होऊ घातलेली फाटके उघडी राहिली.

मंडळी, आपल्याकडेही जुन्या विहिरीत गाळ काढायला एक जण उतरतो, विषारी वायूने कोसळतो, आणि त्याला वाचवायला दुसरा तसाच उडी घेतो. घरात मग दोन सुतके. तेव्हा वायूची शंका असेल तर उतरूच नका. एरवीही कमरेला दोर आणि वर दोर धरणारी माणसे हवीतच. दोर मागणाऱ्याला भित्रा म्हणू नका. त्याला परत घरी यायचे आहे.