टायट्रेट

दहावीपर्यंत माझं विज्ञान मराठीतलं होतं: आम्ल, आम्लारी, दर्शक. अकरावीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला बाई म्हणाल्या, "टायट्रेट इट अगेन्स्ट सोडियम हायड्रॉक्साइड." मला त्यातलं 'अगेन्स्ट' तेवढं कळलं. कोणाविरुद्ध, आणि कशासाठी? घरी कोशात 'अनुमापन' मिळालं. नाम मिळालं, क्रियापद नाहीच. 'अनुमापते' असं मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

करायला मात्र जमलं. बारावीत परमँगनेट आलं. ब्युरेटमध्ये गडद जांभळं द्रावण, खाली शंकुपात्रात गरम केलेलं ऑक्झॅलिक आम्ल. पहिल्या थेंबाचा रंग जाता जात नसे. वाटे, काहीतरी विसरले. मग त्यातून तयार होणारं मँगनीजच उत्प्रेरक बनून पुढचे थेंब भराभर गिळू लागे. शेवटी एक थेंब असा यायचा, की फिकट गुलाबी रंग टिकून राही. तिथे कॉक बंद. त्यापुढे हात सुटला, तर सगळं सिंकमध्ये आणि पुन्हा पहिल्यापासून. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग जुळावं म्हणून तिसरं रीडिंग आम्ही मनानेच लिहायचो. आता कबूल करायला हरकत नाही.)

नंतर वीसेक वर्षं या शब्दाची गाठ पडली नाही. मग बाबांचं इन्सुलिन सुरू करताना डॉक्टर म्हणाले, "रात्री १० युनिट. पुढे टायट्रेट करत जाऊ." यात 'अगेन्स्ट' नव्हतंच.

"म्हणजे काय गं?" बाबांनी रिक्षात विचारलं.

"उपाशीपोटीची साखर बघत दर तीन दिवसांनी दोन युनिट वाढवायचे. जागेवर आली की थांबायचं."

"म्हणजे कस बघायचा!"

बाबांचा जन्म सराफाच्या पेढीवर गेला. त्यांना जगात सगळीकडे कसोटीचा दगड दिसतो. मी हसले. रात्री सहज शोधलं, तर शब्दाच्या मुळाशी फ्रेंच 'तित्र', म्हणजे सोन्याचांदीचा कस. १८३२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकने चांदीचा कस काढायची ओली रीत छापली: चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची, मोजून मिठाचं पाणी घालत जायचं, पांढरा साका धरायचा थांबला की थांबायचं. मी दोन वर्षं प्रयोगशाळेत घासली, आणि अर्थ रिक्षात शेजारी बसला होता.

बाबांनी वही घातली. १०, १२, १४, १६. १८ ला पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, मशीनवर ६१. मी साखरेचं पाणी ढवळत असताना त्यांनी थरथरत्या हाताने वही ओढली, १८ वर काट मारली आणि पुढे १६ लिहिलं.