माशाचे आतडे आणि बाईंचा बोकड

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना हल्ली शेततळी दिसतात. त्यांत रोहू, कटला, मृगळ. गिऱ्हाईकही लांब नाही. अंबरनाथ आहेच, शिवाय उल्हासनगर हे फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले गाव. सिंधूकाठच्या त्या माणसांना गोड्या पाण्यातल्या माशाची गोडी जुनी.

तिकडच्याच एका बाईंनी मला विचारले, "साहेब, मासं वाढत नाय. पोरगा म्हनतो अमिनो आम्लाचं पाकीट आनू. त्यापायी बोकड इकू का?"

मी आधी खाद्याची पाटी पाहिली. भाताचा कोंडा, भुईमुगाची पेंड आणि स्वस्त मिळाले म्हणून भरडलेले कच्चे सोयाबीन!

रोहूला जठरच नसते. पचनाचा सारा भार लांबलचक आतड्यावर. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो. तो उष्णतेने बराचसा नाहीसा होतो. म्हणजे बाई खाऊ घालत होत्या आणि आतडे ते परत करीत होते.

पोराचे म्हणणे मात्र अगदीच चुकीचे नव्हते. दहा अमिनो आम्ले माशाला खाद्यातूनच मिळावी लागतात. भुईमूग पेंडीत लायसीन आणि मेथिओनीन ही दोन कमी पडतात. भिंतीला विटा ढीगभर आणि चुना पाटीभर असला तर चुन्याइतकीच भिंत उठते. उरलेल्या विटांची अडचण. इथे ती अडचण अमोनिया होऊन पाण्यात उतरते. चीनमधल्या प्रयोगांत ग्लुटामिन नावाच्या अमिनो आम्लाने सायप्रिनस माशाची वाढ व आतड्याची स्थिती सुधारलेली दिसली. कोंबड्यांच्या खाद्यात तर लायसीन, मेथिओनीन नेहमीचेच.

पण ही पूड कोंड्यावर भुरभुरून तळ्यात टाकली, तर माशाच्या तोंडी जाण्याआधी बरीचशी पाण्यात विरघळते. ती गोळी खाद्यात नीट बांधलेली हवी. पाकीट विकणारा हे सहसा सांगत नाही.

म्हणून म्हटले, "बोकड राहू द्या, वहिनी. सोयाबीन चांगले उकडा, वाळवा, मग भरडा. त्यात लायसीन बरे असते. मेथिओनीनसाठी थोडी तिळाची पेंड घाला. सुकटीचा चुरा मिळाला तर दोन्ही भागतात, पण फार खारट नको. सगळे मळून गोळे करा आणि दोन वेळा टोपलीत ठेवून पाण्यात सोडा. तासा-दोन तासांनी टोपली वर काढून पाहा. उरले असेल तर दुसऱ्या दिवशी कमी घाला."

"आनि पाकीट?" पोराने विचारले.

"महिनाभर हे कर. दर आठवड्याला दहा मासे तोलून वहीत लिही. मग वही घेऊन ये, पाकिटाचे तेव्हा बोलू."