‘का’च्या आधी ‘केव्हा’

यंत्र बंद पडले की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘का?’ हा. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याला जितके सल्लागार भेटतात तितकी उत्तरे मिळतात, आणि प्रत्येक उत्तराबरोबर एखादा सुटा भाग विकत घ्यावा लागतो. एका जुन्या जीपच्या निमित्ताने बडोद्यात आम्हांला याचे जे शिक्षण मिळाले, ते पुढे जीपपुरते राहिले नाही.

आमच्या भगिनीच्या यजमानांची, म्हणजे भाऊजींची, शेती सिंधरोटच्या बाजूला मही नदीच्या काठी आहे. मही म्हटली की कोतरे आली. पावसाने गाळाची जमीन कापून केलेल्या त्या घळींतून वाट एकदम खाली उतरते आणि लगेच अंगावर येते. चारही चाकांना जोर देणाऱ्या वाहनाखेरीज तेथे इलाज नाही. म्हणून भाऊजींनी एक जुनी पेट्रोलची जीप बाळगली होती. पुढे त्यांच्या मातोश्रींची, माईंची, मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी शहरात आणणे भाग पडले, आणि ती जीप घरातली सर्वांत मोलाची वस्तू होऊन बसली. नेमकी त्याच हिवाळ्यात ती बंद पडू लागली.

दुखणे विचित्र होते. सकाळी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होई. थोडे अंतर काटले की त्याला धाप लागे, ते अडखळे, आचके देई आणि शांत होई. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू, जणू काही घडलेच नाही! एकदा मात्र ते ऐन चढणीवर थांबले. भाऊजी ब्रेकवर पाय रोवून बसले, आम्ही उडी टाकून चाकांमागे दगड लावले, आणि माई मागच्या बाकावर डोळे मिटून होत्या. “आजचं राहू द्या रे, मला घरी न्या,” एवढेच त्या म्हणाल्या. डायलिसिस ‘राहू देणे’ म्हणजे काय, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होते.

पेट्रोलच्या इंजिनाची मागणी तशी माफक असते. हवा, इंधन आणि वेळेवर पडणारी ठिणगी, एवढे त्याला पुरते. यांतले एक कमी पडले की ते थांबते. पण थांबण्याचा निकाल एकच असला, तरी वाटा अनेक असतात. एका गॅरेजवाल्याने सांगितले, कॉइल तापून ठिणगी दुबळी होते, कॉइल बदलली. दुसरा म्हणाला, कंडेन्सर गेला; तोही बदलला. तिसऱ्याने कार्बोरेटर उघडून धुतला. चौथ्याचे मत असे की, उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. पंपावर ओले फडके ठेवा. उन्हाळ्यात, बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, हे खरेही ठरते. पण आम्ही होतो पौषाच्या गारठ्यात! सगळ्यांची उत्तरे शास्त्राला धरून होती. फक्त ती आमच्या जीपची नव्हती.

शेवटी आम्ही एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांचे गॅरेज कलाभवनापासून जवळच्या एका गल्लीत होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. हातांच्या विद्येला शास्त्राची जोड मिळावी, हा त्या संस्थेमागचा विचार होता. पुढे विद्यापीठ झाल्यावर ती त्याच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाली. मिस्त्री तेथे शिकलेले नव्हते. पण हात आणि शास्त्र यांची ती गाठ त्यांच्या ठायी पक्की बसलेली होती.

त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. स्टुलावर बसून एकच शब्द विचारला, “क्यारे?” गुजरातीत ‘क्यारे’ म्हणजे केव्हा. आम्ही ‘का’चे उत्तर मागायला गेलो होतो; ते ‘केव्हा’ विचारत होते. मग प्रश्नांमागून प्रश्न. थंडीत की उन्हात? दोन्हींत. एकदम, दिवा मालवल्यासारखे, की हळूहळू? हळूहळू. मिस्त्री म्हणाले, तर मग ठिणगीचा दोष नसावा. ठिणगी जाते ती बहुधा न सांगता जाते. तहानेने मरणारे इंजिनच असे आचके देते. आणि शेवटचा प्रश्न: टाकी भरलेली असताना, की रिकामी असताना?

भाऊजी विचारात पडले. मग सावकाश म्हणाले, “बाजारात जाताना कधी थांबत नाही. माईंना नेतो त्याच दिवशी थांबते. त्या दिवशी वाटेत अडचण नको म्हणून आदल्या संध्याकाळी मी टाकी काठोकाठ भरून ठेवतो.”

मिस्त्री उठले. त्यांनी पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढून उजेडात धरले. त्याला सुईच्या अग्राएवढे एक छिद्र असते. पंप पेट्रोल ओढतो, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागी त्या छिद्रातून हवा आत येते. कोतरांची तलम माती आणि तेलाचा ओशटपणा यांनी ते लिंपून गेले होते. हवा येईना, म्हणून टाकीत पोकळी निर्माण होई, आणि पंपाची ओढ तिच्यापुढे हरे. दहा मिनिटांत कडेच्या फटीतून थोडी हवा झिरपे, की इंजिन पुन्हा चाले. टाकी अर्धी असेल, तर आतल्या भरपूर हवेवर बरेच अंतर निभावते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. तेथे थोडेसे पेट्रोल गेले तरी दाब झपाट्याने उतरतो. भाऊजींच्या काळजीनेच माईंची वाट अडत होती!

मिस्त्रींनी बारीक तारेने छिद्र मोकळे केले. कॉइल, कंडेन्सर, कार्बोरेटर यांवर झालेला खर्च आम्ही त्या तारेशी ताडून पाहिला आणि गप्प राहिलो. त्यानंतर जीप कोतरांत थांबली नाही.

थोड्याच दिवसांत माईंना डायलिसिसनंतर विलक्षण ग्लानी येऊ लागली. घरात पुन्हा ‘का’ सुरू झाला. वय झाले, रक्त कमी आहे, मनाने खचल्या आहेत. प्रत्येकापाशी एक कॉइल होती, एक कंडेन्सर होता. डॉक्टरांनी मात्र विचारले, “ग्लानी नेमकी केव्हा येते?” भाऊजींनी आमच्याकडे पाहिले. पुढल्या चार खेपांना त्यांनी माईंच्या उशाशी बसून वहीत वेळा टिपल्या. त्रास दर वेळी शेवटच्या तासात सुरू होत होता. रक्तदाब तेव्हा उतरत होता. डॉक्टरांनी पाणी काढण्याचा वेग कमी केला, वेळ वाढवला, आणि माई त्या दिवशी घरी आल्यावर कित्येक आठवड्यांनी स्वतःच्या हाताने जेवल्या.

माई आणखी दोन हिवाळे होत्या. मूत्रपिंडांना काही उपाय नव्हता, आणि ‘आमच्याच वाट्याला हे का’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. पण त्या दोन वर्षांत ज्या ज्या गोष्टी सुधारता आल्या, त्या ‘केव्हा’च्या वाटेने आल्या. ‘का’ विचारताना मनुष्य बहुधा स्वतःकडे पाहत असतो. ‘केव्हा’ विचारण्यासाठी त्याला समोरच्याकडे पाहावे लागते.