एकच वर्तकनगर, उन्हाळे दोन

मे महिन्यात ऑफिसात शिरल्या शिरल्या एकच प्रश्न, ‘आज पारा किती?’ पण बॉस, आकडा एक असला तरी उन्हाळे दोन असतात! खात्री करायचीय? रात्री दहानंतर वर्तकनगरात या. म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये खिडक्या बंद, एसी चालू. मग रिक्षा पकडून लोकमान्यनगर गाठा. इथं दारं सताड उघडी आणि माणसं पायरीवर. मागे येऊरचं जंगल, जवळच उपवन तलाव, पण गल्लीत वारा म्हणून शिरत नाही. पत्रा दुपारभर तापतो, माळ्यावर झोपणाऱ्याच्या तो डोक्यापासून हातभर अंतरावर. भिंती दिवसाची ऊब रात्री सोडतात. त्यात खाडीकाठची दमट हवा. घाम येतो, वाळत नाही, म्हणून अंगही निवत नाही.

अहमदाबादनं उष्णतेचा कृती आराखडा २०१३मध्येच केला, ठाणे महापालिकेचा २०२४मध्ये आला. पत्र्याला पांढरा रंग दिला तरी ऊन बरंचसं परत फेकलं जातं. स्वस्तातलं काम! पण भाड्याच्या खोलीचा पत्रा रंगवायचा कुणी?

पायरीवरच्या एका काकूंना विचारलं, झोप कधी लागते?

‘पहाटे चारला. पाचला उठून डबा करायचा असतो.’