जत्रेचा खर्च

गरीब माणूस गरीब राहतो तो देवाधर्मापायी, असं मी कित्येक वर्षं मानत आले. नशिबावर हवाला, जत्रेला कर्ज, जावळाला गावजेवण. मग हातात पैसा राहणार कसा? माझी आजी म्हणायची, ज्याचं त्याचं प्रारब्ध. मी तिला हसायचे. ती दोष मागच्या जन्मावर टाकायची, मी याच जन्मातल्या वागण्यावर. पण दोघींच्या लेखी दोषी गरीबच होता, हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

जोतीराव फुले आपल्या बाजूने आहेत, असंही मला वाटायचं. धर्मविधींच्या नावाखाली शेतकरी जन्मापासून मरणापर्यंत कसा नागवला जातो, हे त्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सविस्तर लिहिलं आहे. त्याच पुस्तकात अंमलदारांची बेपर्वाई, सारा, सावकारी आणि जंगल खात्याने बंद केलेली कुरणंही आहेत. ती पानं मी वाचली होती, वादात मात्र कधी काढली नाहीत. शिवाय फुल्यांचा राग लुबाडणाऱ्यांवर होता. माझा लुबाडले जाणाऱ्यांवर.

बेंगळूरला आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या अक्का यादगीरकडच्या. संक्रांतीला त्या मैलापूरच्या मल्लय्याच्या जत्रेला जायच्या आणि त्यासाठी उचल मागायच्या. मी उचल द्यायचे, वर उपदेशही. एकदा म्हटलं, वर्षाचा हिशेबच मांडू या. त्यांना धडा मिळावा, हा माझा हेतू होता.

मी मोडक्या कन्नडात विचारत गेले, त्या सांगत गेल्या. सगळ्यात मोठं कर्ज निघालं ते पत्र्याची शेड सोडून एक खोली घेतली तेव्हा घरमालकाला दिलेल्या अॅडव्हान्सचं. त्याखालोखाल नवऱ्याच्या पायाच्या ऑपरेशनचं. तो बांधकामावर पडला होता आणि मेस्त्रीने हात वर केले होते. मग भाडं, पाण्याचे कॅन, बस. जत्रा बरीच खाली होती. आणि नवऱ्याला पहिलं काम, पुतणीला स्थळ, अडीनडीला बिनव्याजी पैसे हे सगळं जत्रेत भेटणाऱ्या माणसांकडूनच मिळालं होतं.

तिथेही मी सावरून घेतलं असतं. पण अक्कांनी विचारलं, "खाडे लिहायचे ना, मॅडम?" आवाजात टोमणा नव्हता, हिशेब पुरा व्हावा, एवढंच. मग मी वर्षभर कापलेले खाडे आम्ही मांडले. तापाचे, मुलीच्या शाळेतल्या खेपांचे, नवरा दवाखान्यात होता तेव्हाचे. बेरीज जत्रेच्या खर्चाहून जास्त भरली. माझ्या स्वतःच्या पगारातून आजारपणाचा एक दिवसही कधी कापला गेला नव्हता. "सगळेच कापतात," मी पुटपुटले. "हौदु," असं कन्नडात हो म्हणून त्या भांड्यांकडे वळल्या. त्या चिडल्या असत्या तर मला बचाव तरी करता आला असता.

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, म्हणजे तोच मल्लय्या. आम्ही गाडी काढून जातो, जागरण घालतो, भंडारा उधळतो. आमचा तो कुलाचार आणि अक्कांची ती अंधश्रद्धा! इतका ढोंगीपणा मी इतकी वर्षं विवेक म्हणून मिरवला.

नंतर मी त्यांच्या मुलखाविषयी वाचलं. 1948 पर्यंत तिथे निजामाचं राज्य होतं. नंजुंडप्पा समितीने 2002 च्या अहवालात कर्नाटकातल्या 175 पैकी 114 तालुक्यांना मागास ठरवलं, आणि अतिमागासांत कलबुर्गी विभागातले तालुके सर्वाधिक. याच विभागातल्या कल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांनी कष्टाला, म्हणजे कायकाला, पूजेचं मोल दिलं. नुसत्या कष्टाच्या धर्माने गरिबी हटत असती, तर हा मुलूख कधीच श्रीमंत झाला असता. बसवण्णांनी कायकाबरोबर दासोहही सांगितला: गरजेपुरतं ठेवून उरलेलं समाजाला द्यायचं. आम्ही नोकरदारांनी कायक उचललं आणि दासोह सोयीस्कर विसरलो.

धर्माला मी निर्दोष ठरवत नाही. कोणी कुठलं काम करायचं आणि कुठलं काम हलकं, हे जातीने ठरवलं आणि त्याला शास्त्राने आधार दिला. प्रारब्धाची समजूत पोटभर जेवलेल्यांना फार सोयीची आहे. पण हा जाब शास्त्र सांगणाऱ्यांना आणि त्याचा फायदा घेणाऱ्यांना विचारायचा. मल्लय्यापुढे हात जोडणाऱ्या बाईला नव्हे.

कर्नाटकात घरकामाचं किमान वेतन 2004 सालीच जाहीर झालं होतं. मला ते त्या हिशेबानंतर कळलं. आता आमच्याकडे आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाची रजा भरपगारी आहे. याला औदार्य म्हणू नका, हे थकलेलं देणं आहे. तुमच्याही घरी कॅलेंडरवर खाड्यांच्या फुल्या असतील. कुणाच्या जत्रेवर बोलण्याआधी त्यांची बेरीज करून पाहा.